टेबलाची उजवी बाजू

"रस नाई सांडला पाह्यजे, सिस्टर."

आमचे सर हे रोज म्हणायचे. समोर पुठ्ठ्याचं खोकं. खोक्याला भोकं, भोकांतून आत गेलेले लांब दांड्यांचे चिमटे, आतमध्ये एक कॅमेरा. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव म्हणून पडद्याकडे बघत सर खोक्यातली मोसंबी सोलायचे. सर छातीचे सर्जन आणि मी अमरावतीला त्यांच्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. "आपल्याकडे संत्र्यांचा काय तोटा पडला सर?" असं मी एकदा विचारलं.

"संत्रं तं कोनीबी सोलते. त्याची साल आपोआप सुटते. फुफ्फुस चिकटून बसलेलं असते, बाई."

माणूस वरूडचा, संत्र्यांच्या मुलखातला. फळांवरून त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. नीट सोललेली मोसंबी आम्ही सगळे खायचो, आणि जिचा रस सांडला ती सर एकटे खायचे, तोंड पाडून.

तुम्ही एखादा सर्जन जवळून पाहिला असेल तर तुम्हाला पटेल, यांचं निम्मं बोलणं हातानेच होतं. सर टेबलाच्या उजव्या बाजूला उभे राहायचे, मान न वळवता तळहात पुढे करायचे, आणि काय हवं ते मला न सांगता कळायचं. अर्धा जन्म आमचा असाच गेला. सरांच्या बायकोला, वहिनींना, मी हे ऐकवलं तर त्या म्हणाल्या, "घरी तं सांगूनबी त्याईले कळत नाई."

लोक निवृत्त होतात त्या वयात सरांनी ऑपरेशनचा रोबोट चालवायला शिकायला घेतलं. अकोल्यात एका दवाखान्यात तो आला होता आणि शिकवणारी डॉक्टर सरांचीच जुनी विद्यार्थिनी. "मी तिले म्हनलं, चुकलं तं ओरडशीन ना? ते म्हने, ओरडीन." हे सांगताना सरांच्या चेहऱ्यावर नवीन सायकल मिळाल्यासारखा आनंद होता.

मग ती आली. राजापेठेत फुलं विकणारी बाई. छातीच्या हाडामागे, हृदयाला लागून गाठ. जुन्या पद्धतीने ते हाड मधोमध कापावं लागलं असतं.

"हाड कापलं तं टोपली कोन उचलन जी? दसरा तोंडावर हाये." घर तिच्या टोपलीवरच चालत होतं.

"भोकातून काढतो," सर म्हणाले. "पन रक्त आवरलं नाई तं कापावंच लागन. कबूल?"

तिने डोळे पुसून मान हलवली.

सरांनी मलाही अकोल्याला नेलं. टेबलाभोवती रोबोटचे हात, आणि सर दूर कोपऱ्यात, चपला काढून, ते हात चालवायच्या यंत्रात डोकं खुपसून बसलेले. काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं उघड्या छात्या पाहिल्या, पण पडद्यावर जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. बारीकातली बारीक शीर दोरीएवढी दिसत होती, आणि चिमटा माणसाच्या मनगटापेक्षा सहज वळत होता. मी अक्षरशः हरखून गेले.

गाठ सुटत आली आणि एका शिरेतून रक्त उसळलं. पडदा लाल झाला. हाड कापायची करवत माझ्यामागे तयार होती. मी झटकन चिमटा उचलला आणि उजवीकडे पुढे केला.

तिथे कोणीच नव्हतं.

"सिस्टर, मी इकडे हाये," कोपऱ्यातून आवाज आला, अगदी शांत. "गॉज सोडा आत."

मदतनीस डॉक्टरने गॉजचा कापडी बोळा आत सोडला. रोबोटच्या हाताने तो दाबून धरला. हळूहळू पडदा स्वच्छ झाला, शिरेला क्लिप बसली आणि गाठ पिशवीत घालून बाहेर आली. करवतीवरचं कापड मी काढलंच नाही.

सर उठले, चपला शोधू लागले. "रस थोडा सांडला," म्हणाले.

दसऱ्याला ती राजापेठेत झेंडू विकत बसली होती. टोपली तिने स्वतः उचलून आणली होती. सरांनी उगाच दोनदा तिथून चक्कर मारली.

गेल्या उन्हाळ्यात सर वारले. मी आता अकोल्यालाच असते आणि त्या यंत्रावर त्यांची विद्यार्थिनी बसते, फार सुरेख काम करते. टेबलाच्या उजवीकडे कोणी उभं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी रक्त दिसलं की माझा हात चिमटा घेऊन तिकडेच जातो, आणि कोपऱ्यातून मला कोणी हाक मारत नाही.