लाकूड बोलू द्या

“ठैरो की, लाकूड बोलू द्या.”

फळी हातात आली की आमचे म्हातारे मिस्त्री, चाचा, डोळे मिटायचे, तिला कान लावायचे आणि बोटाच्या पेरानं टकटक करायचे. आवाज खणखणीत आला तर खडूनं बरोबरची खूण. बद्द आला तर फळी बाजूला. आतली चीर वरून दिसत नाही, पण मशीनचं फिरतं पातं तिच्यावर गेलं की तुकडा दगडासारखा उडतो.

अक्कलकोट रस्त्यावरच्या माझ्या शेडमध्ये आम्ही मोडीत निघालेल्या हातमागांच्या सागवानातून खुर्च्या करायचो. नवं झाड तोडायचं नाही, हा माझा हट्ट. आराखडा मी कॉम्प्युटरवर काढायचो, कापायचं मशीन, सांधे जोडणं आणि रंधा मारणं चाचांकडे. मशीनला ते ‘जावई’ म्हणायचे. “लई खातो, लई बोंबलतो, पन काम साफ हाय.”

अशा मशीनजवळ तुम्ही तासभर जरी थांबलात, तरी घरी जाईपर्यंत कानात किंचाळी राहील. कानात घालायचे बोळे मी आणून दिले. चाचांनी ते खिशात टाकले.

“कान बंद करून लाकूड कसं ऐकू, साहेब?”

मी आराखड्याकडे वळलो. बोळ्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

दोनेक वर्षांनी त्यांची टकटक वाढली. एकदाच्या जागी तीनदा, चारदा. चहाला पाठीमागून हाक मारली तर येईनात. मला कळत होतं. पण ज्याच्या कानावर अख्खी शेड चालते, त्याला ‘चाचा, तुम्हाला ऐकू येत नाही’ हे कोणत्या तोंडानं सांगणार? फळ्या त्यांच्याकडेच पाठवत राहिलो.

मग ती फळी आली. चाचांनी वाजवली. तीन हातांवरून मलासुद्धा आवाज बद्द वाटला. ते म्हणाले, “चांगलं हाय,” आणि खूण केली. ते रंधा मारायला वळले, म्हणून त्या दिवशी ती मीच मशीनवर चढवली. त्यांचा मान राखला, अशी मनाची समजूत घातली.

तुकडा उडाला तो चाचांच्या डोक्यावरून, वीतभर अंतरानं, आणि भिंतीच्या पत्र्यावर आदळला. शेड दणाणली. आम्ही सगळे ओरडलो. चाचा पाठमोरे रंधा मारत राहिले.

वळले तेव्हा त्यांना आमचे चेहरे दिसले, मग पत्र्याला पडलेला पोचा. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. त्यांनी रंधा पिशवीत भरला.

“साहेब, आधीच्या खुर्च्या? लोकं बसतेत की त्यांच्यावर.”

“मी बघतो,” मी ओरडून सांगितलं.

बघितलं नाही. मोडली एखादी तर कळेलच, असं म्हणत महिना काढला. चाचा परत आले नाहीत.

परवा ताप आला म्हणून सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात गेलो. गेल्या उन्हाळ्यात दिलेल्या आमच्या बारा खुर्च्या तिथं आहेत. त्या मीच पोचवल्या होत्या, त्यामुळे काउंटरवरच्या बाईंनी ओळखलं.

“ते म्हातारे मिस्त्री तुमच्याकडचेच ना? काल आले होते. खाली बसून एकेका खुर्चीला कान लावत होते. पेशंट घाबरले, शेवटी त्यांना बाहेर काढावं लागलं.”

“काही म्हणाले?”

“एकच सारखं म्हणत होते. ‘उठा समदे, मला ऐकू येत न्हाय.’”

मी वळून पाहिलं. बाराही खुर्च्या भरलेल्या होत्या.