मेबल ड्रान्सफील्डची धुतलेली फरशी

हॅलिफॅक्सच्या वाचनालयात त्या दुपारी शिळ्या कढीला ऊत आणायचा कार्यक्रम होता. एके काळी सगळ्या इंग्लंडला हसवणाऱ्या ‘पाय पुसून या’ या टीव्ही मालिकेला पन्नास वर्षं झाली होती. तिचा पहिला भाग दाखवायचा, लंडनहून आलेल्या एका तरुण विदुषीने त्याची नव्याने पारख करायची आणि शेजारी खुद्द लेखक, गावचा सुपुत्र लायोनेल ड्रान्सफील्ड बसवायचा, असा बेत.

लायोनेलची धाकटी बहीण बेरिल पुढेच बसली होती, मांडीवरची पर्स घट्ट धरून. टाळ्या पिटायला ती आलीच नव्हती. पडद्यावर सगळे जिला हसले ती बाई म्हणजे आपली आई, आणि ती हसण्यासारखी नव्हती, एवढंच लायोनेलनं गावासमोर एकदा कबूल करावं, म्हणून आली होती. दोघांचीही गोवऱ्या स्मशानात गेल्याची वयं. आज नाही तर कधीच नाही.

दिवे मालवले. पडद्यावर नवरा वारलेला, आणि शवपेटी न्यायला माणसं दारात. बाई हातातला ब्रश रोखून ओरडते, “आधी बूट काढा! फरशी आत्ता धुतलीय!” मग ती माणसं मोज्यांवर पेटी उचलतात आणि घसरतात. एकाचा अंगठा मोज्यातून बाहेर. स्टुडिओत बसवलेले प्रेक्षक हसतात ते थांबतच नाहीत.

घडलं होतं ते असंच. फक्त कुणी घसरलं नव्हतं. बाप पहाटे गेला, आणि आईनं, मेबलनं, डोळ्यांतून टिपूस न काढता बादली भरली. माडीच्या जिन्यापासून खाली घासत आली, तिथल्या रीतीप्रमाणे उंबऱ्याला मऊ दगड घासून पांढरी कड काढली. ज्या घरातून तो शेवटचा निघायचा ते लख्ख असायला हवं होतं. त्याच्यासाठी करण्यासारखं दुसरं उरलं होतं तरी काय? माणसांनी मुकाट बूट काढले होते.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी मेबलनं पाद्री आणि पाहुण्यांसाठीच उघडायची पुढची खोली उघडली होती. मुलाचा कार्यक्रम म्हणून गल्ली बोलावली, हॅमचे सँडविच केले. कार्यक्रम संपला तेव्हा शेजारणी हसून डोळे पुसत तिच्याकडे बघत होत्या.

“कसं वाटलं, आई?” लायोनेलनं विचारलं.

“छान होतं हं,” मेबल म्हणाली आणि कप गोळा करून आत गेली.

त्या मुलखाची रीतच तशी. घराला आग लागली तरी “जरा उकडतंय” म्हणतील. लायोनेलला ती शाबासकी वाटली. स्वयंपाकघरात आई नळ सोडून नुसती उभी होती, ते बेरिलनं पाहिलं. पण तीही त्याच घरची. तिनं कप पुसायला घेतले.

पुढे खाटीक रोज काउंटरवरून विचारायचा, “काय मेबल, बूट काढू का?” तिनं दुकान सोडलं, मग चर्चही सोडलं. ती गेली त्या दिवशी पेटी न्यायला आलेल्यांतला एक दारात डोळा मिचकावून म्हणाला, “बूट काढायचे ना, बाई?” दार बेरिलनंच धरलेलं होतं.

दिवे लागले. विदुषी म्हणाल्या, “आज हा भाग कच्चा वाटतो. ही आई माणूस वाटतच नाही. बायकांची थट्टा करायला रचलेलं बुजगावणं आहे. अशी बाई असूच शकत नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. बेरिल उठली.

“लायोनेल, ती बाई कोण होती, सांग की यांना.”

त्यानं चष्मा काढला, पुसला. “कोणी नाही. सगळं माझ्या डोक्यातलं. तरुण होतो, स्वस्तात हशा मिळवला. या म्हणतात ते बरोबर आहे.”

केवढा हा नम्रपणा! टाळ्यांचा कडकडाट झाला.

नंतर चहाच्या टेबलापाशी तो बहिणीला गाठून हळूच म्हणाला, “काय गं बेरी, झालं ना तुझ्या मनासारखं? आईचं नावसुद्धा येऊ दिलं नाही. वाचवलं तिला.”

“वाचवलंस?” बेरिलचा आवाज चढला. ड्रान्सफील्डांच्या घरात आजवर कुणाचा चारचौघांत चढला नव्हता. “अरे, लोक हसत होते तेव्हा निदान ती होती तरी! आज तू सांगितलंस, ती नव्हतीच!”

“हळू बोल. लोक बघताहेत.”

“बघू देत!”

ती तरातरा विदुषींकडे गेली. “अशी बाई होती. मेबल तिचं नाव. आमची आई. नवरा धुतलेल्या फरशीवरून जावा म्हणून तिनं बूट काढायला लावले होते.”

विदुषींनी मान तिरकी केली. “अय्या, हो का? किती गोड!” म्हणाल्या, आणि हातातला फोन बेरिलला देऊन लायोनेलशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “आमचा दोघांचा एक फोटो काढाल?”