चिमटा काढून सांगितलेलं

काही सांगायचं असलं की मावशी आधी समोरच्याचा दंड धरायची आणि कचकन चिमटा काढायची. "आता नाय इसरनार तू." शुक्रवारी बोंबील आणते, एवढंच सांगायचं असलं तरी चिमटा. नुसतं ऐकलेलं माणूस विसरतं, कळ आलेली विसरत नाही, असं तिचं म्हणणं. तुमच्याही दारावर असं एखादं माणूस येत असेल.

मावशी म्हणजे करावे गावची कोळीण. वाशीत आमच्या बिल्डिंगीत टोपली घेऊन जिने चढायची. तिचा कुणावर विश्वास नव्हता. वॉचमनवर नाही, मांजरावर नाही, सुनांवर तर मुळीच नाही. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी नवी नवरी आणि स्वतःला मोठी गुप्तहेर समजणारी. दाखवलेलं पापलेटच पिशवीत पडतंय ना, म्हणून भात करपेपर्यंत टक लावून बसायचे. तीही माझ्याकडे तशीच बघायची. अशी आमची मैत्री झाली, ती मला नातवंडं झाली तरी टिकली.

गेल्या वर्षी हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली. दार लावलं. आपलं सोनं कुठे लपवलंय, कुणाला द्यायचंय, ते माझ्या कानात सांगितलं आणि असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ती परत आली नाही.

आणि मला काय आठवत होतं? तिची नखं, मिश्रीचा वास. बाकी सगळं कोरं. मानसशास्त्र शिकणारी माझी नात म्हणाली, "आजी, थोडं दचकलं तर लक्षात राहतं. फार दचकलं की ज्यानं दचकवलं तेवढंच मेंदू धरून ठेवतो, बाजूचं सोडून देतो." मावशीचे इतक्या वर्षांचे चिमटे बेताचे होते. हा जरा जास्तच झाला.

शेवटी ती माझ्याकडे आली होती, हे गावात कळलंच. तिची लेक आली. मी खरं ते सांगितलं. तिने माझ्याकडे अगदी आईसारखं पाहिलं. "माझं घर बघून घे," मी म्हणाले. वाटलं, नको म्हणेल. तिने गाद्या उचलल्या, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

मग तिथेच खाली बसली. "सोनं जाऊ दे, काकी. भाऊ बोलतात, आईनं तुज्यासाटी कायच ठेवलं नाय. माजं नाव घेतलंन का तिनं?"

"पोरीला दे, म्हणाली," मी सांगितलं.

सांगताना मावशीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो तिचा होता, की समोरचं तोंड बघून माझ्या मनाने तिथल्या तिथे तयार केला, याचा मला अजून संशय आहे. लेकीने मात्र पुन्हा विचारलं नाही. हाताला चिकटलेले तांदूळ डब्यात झाडले आणि झाकण लावलं.