रॅम्पचं भूमिपूजन

आमच्या फाट्यावरच्या बसथांब्याला उंच पायऱ्या, आणि आमच्या कडूबाकडं तीनचाकी सायकल. त्यामुळं भोकरदनची बस येईपर्यंत तो खाली उन्हातच थांबतो. त्याच्यासाठी रॅम्पचा निधी दरवर्षी मंजूर होतो, दरवर्षी भूमिपूजन होतं. नारळ मात्र कडूबाच्याच हातून फोडतात. फोटो चांगला येतो ना! पुढं निधी कुठं जिरतो, हे विचारणाराच गावात आगाऊ ठरतो.

यंदा पाहुण्या नेत्याचे गुडघे दुखत होते. मंडपवाल्यानं चहा निवायच्या आत फळ्या ठोकून स्टेजला रॅम्प केला. नेते चढले. त्यांच्यामागं कडूबाही सायकल हाणत वर गेला. एरवी त्याला पोत्यासारखं उचलून ठेवायचे. त्यानं नारळ फोडला, शाल घेतली.

नेते गेले. मंडपवाला फळ्या काढायला आला, तर कडूबा अजून स्टेजवरच.

"कडूबा, उतर जल्दी. सामान पुढच्या गावाला न्यायचंय. तिथं बी रॅम्पचं भूमिपूजन हाय."

"मंग मला बी सामानातच टाक," कडूबा म्हणाला. "तिथं बी नारळ फोडायला कोणीतरी लागंलच की."