नको म्हणणारं गाव

डोंगरातल्या नुतीगोल गावात कुणाकडे गेलात आणि पुढ्यात उकडलेली कणसं आली, तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच’ म्हणायचं. तिसऱ्यांदा घरची बाई चिडली की मग हात पुढे करायचा. पहिल्याच फटक्यात घेणारा हावरट, आणि तीनदा न विचारणारी चिक्कू. एवढं साधं, पण शहरातल्या माणसाला हे कोण सांगणार?

वसंतात जिल्हा कचेरीतून हान नावाची पोरगी आली. मनाने चांगली होती, उगाच खोटं कशाला बोलू! गावच्या सभागृहात खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर सगळ्यांना बसवून ती म्हणाली, “गावचा दवाखाना कसा चालावा ते आता तुम्हीच ठरवायचं. नर्सने घरोघरी यावं का?”

“छे छे,” सरपंच यांग म्हणाले, “एवढा चढ चढून कशाला त्रास त्यांना!”

“आम्हा म्हाताऱ्यांचं काय, चाललंय आपलं,” मागून माल्जाने सगळ्यांत मोठ्याने री ओढली.

मग सगळे दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. तो काही आला नाही. “किती समाधानी गाव!” म्हणत पोरीने समोरचं कणीस उचललं, आवडीने खाल्लं आणि गाडीत बसून गेली. घरोघरी जाणारी नर्स डोंगरापलीकडच्या गावाला मिळाली.

यांगना काय, धडधाकट माणूस. माल्जाच्या घरात मात्र नवरा, गिल्बोक, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला. अर्धं अंग लुळं, वजन मात्र तेवढंच. दिवसरात्र दर थोड्या वेळाने त्याला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होणार. तशा त्या झाल्याच होत्या. माल्जाची स्वतःची कंबर गेलेली, वय पंचाहत्तर. शेवटची सलग झोप कधी लागली होती ते तिला आठवेना.

“तूच नको म्हणालीस ना?” गिल्बोक वाकड्या तोंडाने म्हणाला. “मग आता तूच नर्स!”

“गप पडा,” माल्जा म्हणाली. जखम पुसता पुसता तिला रडू आलं, आणि रडायचाही इतका कंटाळा आला की तिने तेही अर्ध्यावर सोडलं.

शेवटी तिने कचेरीत फोन केला. “पोरी, परत ये. आमचं बोलणं अर्धवट राहिलंय.”

पानं झडायला लागली तेव्हा हान आली. पुन्हा तेच सभागृह, तीच माणसं. तिने विचारायचा अवकाश, यांगनी मान झुकवली, “अहो, तुम्ही एवढ्या लांबून पुन्हा आलात, हेच खूप. आणखी काय—”

“मला हवीय,” माल्जा म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. “अहो वहिनी, काही लाज?” यांग पुटपुटले.

“भाऊजी, लाज तुम्ही धरा, तुमची बायको चालती-फिरती आहे. माझ्याच्यानं आता उचलवत नाही त्यांना. मागच्या वेळी मी खोटं बोलले. आमचं काही चालत नाहीये.” ती थांबली नाही. “सगळ्यांत मोठ्याने नको मीच म्हणाले होते, आणि पाठ सडली त्यांची.”

मग मागून एक बाई बोलली, “माझी सासूपण तशीच आहे.” मग आणखी एक बोलली. यांग खाली बघत बसले.

हान बिचारी पार ओशाळली. “आजी, डोंगरापलीकडच्या नर्सच्या आठवड्यातल्या दोन सकाळी तुम्हाला देता येतील. नर्स काय काय करेल ते आपण आत्ताच ठरवू. मलमपट्टी, अंघोळ... तुम्हाला त्या वेळात बाजार, देऊळ, कुठे जायचं असतं? म्हणजे वेळ तशी ठेवू.”

माल्जाने विचारही केला नाही.

“कुठे नाही गं,” ती म्हणाली. “मी झोपेन.”