घासलेलं नाव

शेजारी कुणी थिनरचा डबा उघडला की मला गोराईचं आमचं अंगण आठवतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याने गंजक्या ट्रेलरवर ॲल्युमिनियमची जुनी होडी आणली. भंगारात मिळाली म्हणाला. बूड गळत होतं, ट्रेलरचं चाक फिरत नव्हतं, पण हा आधी होडीच्या पुढच्या टोकावरचं नावच थिनरने घासत बसला.

सासूबाई मासे साफ करताना उठल्या. "गळती सोडून नाव कशाला घासतोस रे?" ओल्या बोटाने त्यांनी पत्र्यात कोरलेली अक्षरं चाचपली. "ही तर पास्कूची! बुडालेल्या माणसाची होडी दारात आणलीस?"

"होडी चांगली आहे, आई," तो मान वर न करता म्हणाला.

त्या दिवसापर्यंत मला सासूबाई उगाच संशयी वाटायच्या. आता नवऱ्याने काहीही चकचकीत करून दाखवलं, की मी आधी बोट फिरवते.