चेहरे वाटून देणारी बाई

एका हातात खिचडीची पळी आणि दुसऱ्या हातात पोराची हनुवटी, अशी ती मला आजही दिसते. चामोर्शीजवळच्या आमच्या शाळेत ती दुपारचं जेवण शिजवायची. नव्या पोरानं ताट पुढे केलं की आधी त्याचं तोंड उजेडाकडे फिरवायची आणि चढत जाणाऱ्या, शेवटी जराशा फाटणाऱ्या आवाजात निकाल द्यायची, "हा आजोबावर गेला. नाक तर पाहा याचं!" मागची रांग ओरडायची, "मावशी, वाढा ना वो!"

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेलच. पाळण्यात डोकावून कान बापाला, कपाळ आत्याला वाटून मोकळी होणारी. आमची ही त्या सगळ्यांची मुख्याध्यापिका.

मी तिथे विज्ञान शिकवायची. तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. केसांना मेंदी, गळ्यात चष्म्याची दोरी. आनुवंशिकतेचा धडा आला की फळ्यावर चौकोन काढून असं शिकवायची, जणू वाटाण्यांनी मला विचारूनच शेंगा धरल्या होत्या. तिला म्हणायची, "बाई, चेहऱ्यावरून असं काही सांगता येत नसतं." ती म्हणायची, "तुमी फळ्यावर सांगा मॅडम, मी ताटावर सांगते."

तिला स्वतःला तीन मुलं. मधला मुलगा आणि धाकटी मुलगी अगदी एका साच्यातली, आईसारखी गोल तोंडाची, दोघांच्याही डाव्या गालावर खळी. थोरली मात्र उंच, सावळी, राठ केसांची, पुढचे दात मोठे. ना आईसारखी, ना बापासारखी. तिघं शेजारी उभी राहिली की थोरली पाहुणी वाटायची. आई सगळ्यांदेखत म्हणायची, "हे दोघं माह्ये. हिले मार्कंड्याच्या जत्रेतून आणली!" थोरलीही हसायची. पण हसून झालं की धुतलेलीच पातेली पुन्हा घासायला घ्यायची, हे मी पाहिलं आहे.

धाकटीला सिकलसेल होता. आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही, तरी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि लेकरू हातपाय धरून विव्हळतं. आई-बाप दोघांच्याही अंगात तो दोष लपून होता आणि दोघंही ठणठणीत होते. थोरलीत तो आलाच नाही. मुलात आला, पण लपूनच राहिला. धाकटीला तो दोन्हीकडून मिळाला.

"एकाच पोटातून आले वो मॅडम," ती मला विचारायची, "मंग हिच्याच वाट्याले काऊन?"

मी कागदावर चौकोन काढून दाखवला. म्हटलं, चारात एकाला असं होऊ शकतं. तिनं चौकोन नीट पाहिला. "चार कुठी हायेत? मले तर तीनच हायेत."

धाकटी नववीत गेली तेव्हा दुखणं फार वाढलं. शहरातल्या दवाखान्यात सांगितलं, सख्ख्या भावंडाच्या हाडातला मगज हिच्याशी जुळला, तर तो देऊन आजार मुळातून घालवता येईल. नाहीतर जितके दिवस निघतील तितके. दोघा भावंडांचं रक्त तपासायला गेलं.

कोणाचं जुळणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. आईनं मुलाला रोज अंडी चारायला सुरुवात केली. "याले तयार करून राह्यली मी. याचंच तर घ्यायचं हाय." आणि मी, आनुवंशिकतेची ठेकेदारीण, काय म्हणाले असेन? "खळीसुद्धा सारखी आहे, आणखी काय जुळायचं राहिलं?" फळ्यावरचे सगळे वाटाणे त्या दिवशी लाजेनं शेंगेत परत गेले असतील.

मुलाचं जुळलं नाही. थोरलीचं जुळलं, अगदी पुरतं.

तिथली तरुण डॉक्टरीण आम्हाला सांगत होती, "प्रत्येक मूल आईकडून अर्धं आणि बापाकडून अर्धं घेतं. पण कोणतं अर्धं, ते दर वेळी नव्यानं ठरतं. चेहऱ्याची वाटणी वेगळी, मगजाची वेगळी. या दोघींच्या मुठीत नेमकं तेच आलं."

हेच तर मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा ते मला खरं वाटलं. एका जोडप्याच्या पोटी किती वेगवेगळी माणसं जन्मू शकतात, याला अंतच नाही. आणि त्या अफाट गर्दीतून आलेल्या, एकमेकींसारख्या जराही न दिसणाऱ्या या दोघी आत कुठेतरी तंतोतंत एक.

आईनं थोरलीची हनुवटी धरायला हात उचलला. तो मध्येच राहिला.

"जत्रेतलीच कामी आली ना, आई?" थोरली म्हणाली.

"चूप बस, पोट्टे," आई म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली.

थोरलीचा मगज मिळाला आणि धाकटी वाचली. वाटेत बरंच सोसावं लागलं, ते सोडून देते. पुढे एका तपासणीत कळलं, की तिचा रक्तगटच बदललाय. आता तो थोरलीचा होता.

"म्हंजे थोरली आता हिच्या अंगात फिरून राह्यली?" आईनं विचारलं.

"हो," डॉक्टरीण म्हणाली. "पण हिला लेकरू झालं, तर त्याच्याकडे हिचं जुनंच जाईल, तुमच्याकडून आलेलं. म्हणून लग्नाआधी नवऱ्यामुलाचं रक्त तपासून घ्या."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेरचं सागवान बघत होती. मग हळूच म्हणाली, "बापा! आपल्या अंगात किती जण बसून हायेत वो मॅडम?"

 

त्यानंतर ती पोरांची तोंडं पाहायची, पण निकाल द्यायची नाही. "वरून असा दिसते," एवढंच म्हणायची. "आत कोण हाय, कोणाले मालूम!" आणि गुपचूप एक पळी जास्त वाढायची.

गेल्या पावसाळ्यात ती गेली.

या जानेवारीत दोघी मुली मला वैनगंगेवर घेऊन गेल्या. सिकलसेलच्या लेकराला थंड पाणी सोसत नाही, त्यामुळे धाकटीनं लहानपणी नदी काठावरूनच पाहिलेली. त्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात शिरली, मग कमरेइतक्या. मी काठावर बसून बघत होते. तेवढ्यात माझ्या पाठीमागून हाक आली, "निघ ना वं बाहेर! काकडून राह्यली, दिसत नाई का?"

तोच चढत जाणारा, शेवटी जरासा फाटणारा आवाज. मी मागे वळले.

टॉवेल घेऊन थोरली उभी होती.

आवाज रक्तातून येतो की कानातून, हे मला विचारू नका. मी निवृत्त झाले आहे. पण पाण्यातल्या धाकटीनं वळून न बघताच उत्तर दिलं, "आली ना वं, आई," आणि मग आम्ही तिघीही जिथल्या तिथे थांबलो.